जुन्या कैरोला तासभर पुरत नाही

संपादक महोदय,

रविवार पुरवणीतला इजिप्तविषयीचा लेख वाचला. गिझाजवळ नोव्हेंबर २०२५ मध्ये रीतसर उघडलेल्या भव्य संग्रहालयाची माहिती त्यात छान आली आहे. पण मशिदी आणि बाजारांच्या जुन्या कैरोच्या वाट्याला एकच ओळ आली : खान-अल-खलिली या बाजारात खरेदीसाठी एक तास. आपल्याकडच्या बहुतेक सहलींच्या कार्यक्रमातही हेच असतं. गेल्या हिवाळ्यात मी तिथं एकटीच फिरले. या भागाला निदान दोन पूर्ण दिवस द्यायला हवेत, हे आग्रहानं सांगण्यासाठी हे पत्र.

सुरुवात बाब-अल-फुतुह या उत्तरेच्या वेशीपासून करावी. वेशीला लागूनच अल-हाकिमची मशीद आहे. १०१३ साली पूर्ण झालेली ही फातिमी राजवटीतली मशीद पुढं कधी तुरुंग झाली, कधी तबेला. तिला आजचं रूप दिलं ते दाऊदी बोहरा समाजानं. समाजाचे धर्मगुरू सय्यदना मोहम्मद बुऱ्हानुद्दीन यांच्या पुढाकारानं जीर्णोद्धार होऊन १९८० मध्ये ती पुन्हा खुली झाली. मुंबईच्या भेंडीबाजारात, रौदत ताहेरामध्ये ज्यांचं दफन झालं, तेच हे सय्यदना. मशिदीच्या अंगणात सोनेरी काठाच्या पांढऱ्या टोप्या आणि बोहरा बायकांचे रंगीत रिदा पाहून मला मुंबईतच असल्यासारखं वाटलं. इतका जवळचा धागा असताना मराठी सहली या दारावरून तशाच पुढं जातात, याचं वाईट वाटतं.

वेशीतून आत जाणाऱ्या रस्त्यावर पुढं अल-अक्मर ही ११२५ ची छोटी मशीद लागते. तिची दर्शनी भिंत रस्त्याच्या रेषेत आहे, आतली नमाजाची जागा मात्र मक्केच्या दिशेला वळलेली. मधला तिरकेपणा भिंतीच्या जाडीत जिरवला आहे. मी नोकरीभर आयटीआयमध्ये शिवणकाम शिकवलं. उरेब, म्हणजे तिरकं कापलेलं, कापड सरळ काठाला जोडताना जो हिशेब करावा लागतो, तो इथं दगडात केलेला दिसला आणि मी बराच वेळ तिथून हलले नाही. गटाबरोबर असते, तर कुणी थांबू दिलं असतं?

बाब झुवैला ही दक्षिणेची वेस ओलांडली की खयामिया, म्हणजे तंबूचं कापड शिवणाऱ्यांचा छताखालचा बाजार. तिथं पुरुष कारागीर मांडी घालून बसतात, रंगीत सुती तुकड्यांच्या कडा सुईच्या टोकानं आत मुडपतात आणि जाड कापडावर हातानं शिवत जातात. टाका इतका बारीक, की वरून दिसत नाही. तसल्याच नक्षीचं छापील कापड स्वस्तात मिळतं, म्हणून घेण्याआधी पालथं करून बघावं. माझ्या बोटांची सवय ओळखून एका म्हाताऱ्या कारागिरानं सुई माझ्या हाती दिली. आम्हाला एकमेकांची भाषा येत नव्हती, तरी अर्धं फूल मी शिवलं.

बाब-अल-खल्क चौकातलं इस्लामी कला संग्रहालय तर कार्यक्रमात असायलाच हवं. २४ जानेवारी २०१४ रोजी समोरच्या पोलीस मुख्यालयावर झालेल्या कारबॉम्ब हल्ल्यात त्याचं मोठं नुकसान झालं. दुरुस्तीनंतर २०१७ मध्ये ते पुन्हा उघडलं. मामलुक सुलतानांच्या काळातले मीनाकारी केलेले काचेचे दिवे तिथं आहेत. सुलतान हसनच्या मशिदीतलेही त्यात आहेत. दिवे आधी बघावेत, मग ती मशीद. वरून लोंबणाऱ्या साखळ्या बघताना तिथला उजेड कसा पडत असेल याची कल्पना येते.

इब्न तुलूनची ८७९ ची मशीद शेवटी ठेवावी, कारण तिथून लवकर निघवत नाही. कमानींच्या आतल्या बाजूंवरचं गचकाम, म्हणजे गिलाव्यातली नक्षी, एकेक करून बघण्यासारखं आहे.

एकट्या बाईनं जावं का, असं मला अनेकींनी विचारलं. जरूर जावं. बाजारात हाका मारणारे पाठ सोडत नाहीत, कुणी ‘मिनार दाखवतो’ म्हणत पैसे मागतो. ठाम नकार दिला की बहुतेक जण बाजूला होतात. ओढणी, जाड मोजे आणि सुट्टे पौंड जवळ ठेवावेत. शुक्रवारी दुपारी जुम्याची नमाज असते, तेव्हा मशिदी बघायला जाऊ नये.

सहल कंपन्यांना विनंती, की खरेदीचा तास हवा तर ठेवा, पण बाब-अल-फुतुह ते खयामिया हा सुमारे दीड किलोमीटरचा रस्ता पायी दाखवा. आणि आपण पुरवणीत या रस्त्याचा मराठी नावांसह नकाशा छापलात, तर माझ्यासारख्या एकट्या निघणाऱ्यांना तो फार उपयोगी पडेल.

– एक निवृत्त शिवणकाम निदेशिका, सातारा