आजी घरात दिसत नाही

चि. मृण्मयीस अनेक आशीर्वाद.

तू संपादन करून पाठवलेली कादंबरीची पहिली वीस पानं काल रात्री वाचली. नोकरी सोडून आता हेच करणार म्हणालीस, तेव्हा मी फोनवर गप्प झाले. ते तुला लागलं असणार. मला ‘नको’ म्हणायचं नव्हतं गं. बावीस वर्षं जेवणाच्या टेबलावर बसून मी हेच केलं, आणि समोर तू गृहपाठ करत असायचीस. तुला दिसायची ती माझी लाल पेन्सिल. तिच्याबद्दल थोडं सांगायचं राहिलं होतं.

चुका सापडल्या की काम झालं, असं मलाही सुरुवातीला वाटे. तेव्हा एका वऱ्हाडी लेखकाची कथा आली. त्यातली आजी नातवाला म्हणते, “काहून रडतं रे?” मी ते ‘का रडतोस रे’ केलं. अख्खी आजी अशीच साफसूफ केली. पानं परत आली, तेव्हा खाली एकच ओळ होती : “ताई, माझी आजी घरात दिसत नाही.”

मी दोन दिवस अस्वस्थ होते. साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम मला पाठ होते, १९६२चे चौदा आणि १९७२चे वाढीव चार. पात्राच्या तोंडी ‘असं केलं’, ‘मी म्हटलं’ असं बोलल्यासारखं लिहायची मुभा त्या नियमांतसुद्धा आहे. मग मी आजीचा शब्द न् शब्द जागेवर आणून ठेवला. तेव्हापासून हस्तलिखित आलं की पहिल्या वाचनाला हातात पेन्सिल घेत नाही. नुसतं ऐकते.

‘सत्यकथा’ मासिक १९८२ साली बंद पडलं. त्याचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांना पत्रं लिहून कथेतल्या कच्च्या जागा दाखवत, पण कथा पुन्हा लिहायची ती लेखकानंच. मी ती रीत उचलली.

परवाचीच गोष्ट. एका तरुण लेखिकेच्या कथेत बाप रात्री घर सोडून जातो, आणि मग दोन पानं मुलीचं दुःख समजावून सांगितलेलं. ती पानं सरळ खोडता आली असती. मी समासात एवढंच लिहिलं : “बाबा गेले तेव्हा कडी बाहेरून लावली का?” दहा दिवसांनी नवा खर्डा आला. ती दोन पानं गेली होती. आता बाप कडी बाहेरून लावतो, आणि मुलगी सकाळपर्यंत दार वाजवतच नाही, कारण तिला वाटतं तो दूध आणायला गेलाय. मृण्मयी, हे मला जन्मात सुचलं नसतं. ओट्यापाशी उभ्या उभ्या ते पान तीनदा वाचलं, कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या. माझं सुख म्हणशील तर हे आहे.

आता पैशाचं. आपल्याकडे दिवाळी अंक १९०९च्या ‘मनोरंजन’ मासिकापासून निघताहेत. जुलैपासून कथांचा ढीग पडतो आणि मार्चमध्ये शुकशुकाट असतो, तेव्हा सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवूनच राजीनामा दे. दर सांगण्याआधी दहा पानं करून बघ. एखाद्या संहितेला मुद्रितशोधन, म्हणजे नुसत्या छपाईच्या चुका काढणं, पुरतं, एखादीची घडणच बदलावी लागते, दोन्हींना एक दर लावू नकोस. निम्मे पैसे आधी घे, तेही लिहून. एका प्रकाशकानं माझे अख्ख्या कादंबरीचे पैसे बुडवले, कारण सगळं तोंडी ठरलं होतं. तू सातवीत असताना शाळेची सहल चुकली ना, ती त्याच वर्षी. तुला कारण सांगितलं नव्हतं.

तुझं काम नेटकं आहे. कालक्रमातली चूक बरोबर धरलीस, मला ती दुसऱ्या वाचनाला दिसली. फक्त सातव्या पानावर म्हातारा ‘सांजचं येतो’ म्हणतो, तिथं तू ‘संध्याकाळी येतो’ केलं आहेस. लेखकाला विचारलंस का?

तुझी,
आई