अकरा फॉर्म

तिबिलिसी (जॉर्जिया), रविवार

प्रिय सुनी,

आठ महिने पत्र नाही म्हणून मला शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. तब्येत बरी, बीपीची गोळी चालू, गुडघा कुरकुरतो. झालं. आता जे सांगतेय ते तुलाच कळेल, कारण वेल्ह्याच्या सर्वेक्षणातले ते अकरा फॉर्म तुझ्यामाझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नाहीत.

यंदा संशोधनपद्धतीच्या पेपरासाठी मुलांना ग्ल्दानीत पाठवलं. शहराच्या उत्तरेला सोव्हिएत काळात उभारलेली वसाहत, काँक्रीटच्या एकसारख्या इमारती. प्रत्येकाला वीस घरं. दर तिसरं दार वाजवायचं, आणि घरात ज्याचा वाढदिवस सगळ्यात अलीकडे झाला असेल त्यालाच प्रश्न विचारायचे. एका पोराचे वीसच्या वीस फॉर्म दोन दिवसांत हजर. एकच शाई, खाडाखोड शून्य, एकही 'माहीत नाही' नाही. सलग वीस माणसांना सगळंच माहीत असायला ती काय आपल्या बुवासरांच्या ग्रुपवरची मंडळी आहेत?

नीनोला घेऊन तपासायला गेले. इथल्या जुन्या इमारतींत लिफ्टमध्ये नाणं टाकावं लागतं, तेव्हाच ती हलते. दोघींकडेही सुटे नव्हते. (हसू नकोस. स्वारगेटच्या कंडक्टरशी तू घातलेला वाद मी विसरलेले नाही.) जिने चढत गेलो. आठव्या मजल्यावर जिना संपला. फॉर्मांत नवव्या मजल्यावर तीन कुटुंबं राहत होती, त्यातलं एक सरकारच्या कामगिरीवर अगदी समाधानी.

सहाव्या मजल्यावरच्या आजींनी आत घेतलं, कॉफी ठेवली. त्यांच्याकडे कुणीच आलं नव्हतं. आधी विचारलं, "तुम्हाला पाठवलं कुणी?" मग नीनोने पहिला प्रश्न वाचायच्या आतच म्हणाल्या, "जे लिहायला लागतं ते लिही बाळ, मी सही करते." कॉफी उतू गेली ते तिघींच्याही लक्षात आलं नाही.

पोराला बोलावलं. रडेल वाटलं होतं, तो शांत. त्याची आजी 'वैज्ञानिक साम्यवाद' शिकवायची, तेव्हाचा सगळ्यांना सक्तीचा विषय. पुढे तिच्या विभागाची पाटी बदलून राज्यशास्त्र झालं, माणसं तीच राहिली. म्हणतो, "आजीच्या वेळी निष्कर्ष मॉस्कोहून यायचा. आता अनुदानाच्या अर्जात 'अपेक्षित निष्कर्ष' असा रकाना असतो. दोन्हीकडे उत्तर आधीच ठरलेलं, मग मी जिने कशाला चढू?"

सुनी, मला उत्तर सुचेना. जुन्या प्रबंधांत पहिल्या प्रकरणात मार्क्स, लेनिन आणि पक्षाचं ताजं अधिवेशन यांना नमस्कार असायचा. आता तिथे फ्रेंच आणि अमेरिकन नावं आलीत. माहिती गोळा कशी केली हे तेव्हाही कुणी विचारत नसे, आताही विचारत नाही. मॉस्कोत यूरी लेवादांनी १९६९ मध्ये समाजशास्त्राची व्याख्यानं छापली तर त्यांची प्राध्यापकी गेली. हा विषय पदवीला यायला तिथे ऐंशीचं दशक सरत आलं. आमच्या विभागातल्या ज्येष्ठांना जिने चढायला शिकवणार कोण होतं? आणि 'इकडे असंच चालतं' असंही मला म्हणवत नाही, कारण ह्याच शहरात कॉकेशस बॅरोमीटरवाले आपल्या सर्वेक्षणाची सगळी आकडेवारी उघडी ठेवतात, ज्याला उकरायची त्याने उकरावी.

शेवटी बुवांनी शिकवलेले संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस कामी आले. एकाच भागात दोन तुकड्या वेगवेगळ्या पाठवायच्या आणि त्यांचे आकडे शेजारी शेजारी ठेवायचे. (त्या तासाला तू झोपली होतीस. नोट्स माझ्या.) आता प्रत्येक इमारतीत दोन जोड्या जातात. वरिष्ठ म्हणाले, हा मुलांवर अविश्वास आहे. म्हटलं, हो, आहे. लिफ्टची नाणी मी पदरची देते.

तो पोरगाही एका जोडीत आहे. शून्य दिलेला नाही अजून. फॉर्म खणात आहेत, आणि खण उघडला की मला एसटी स्टँडचं कँटीन दिसतं. बाहेर तो पाऊस, ओल्या फॉर्मांवर वडापावचं तेल, आणि तू म्हणतेयस, "अगं सगळेच शिंदे नकोत, दोन पासलकर घाल." बुवांच्या अहवालात तक्ता क्रमांक सातमध्ये ते पासलकर अजून दोन एकर भात पिकवतायत. कल्पना तुझीच होती. तू नाही म्हणशील, तर म्हण.

तुझ्या नाशिकच्या बदलीचं काय झालं? आईंच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं ना? चिन्मय दहावीला म्हणजे घरात कर्फ्यू असेल. हे सगळं पुढच्या वेळी नीट विचारते, खरंच.

मुद्दा असा की वर्गाला वेल्ह्याचं सांगावं असं वाटतंय. पण त्याआधी बुवांना सांगायला हवं, आणि ते तुला विचारल्याशिवाय करणार नाही. तू हो म्हणालीस तर पत्र मी लिहिते. फक्त त्यात सहा फॉर्म तुझे आणि पाच माझे असंच लिहिणार. ह्यावर मी वाद घालणार नाही.

तुझी,
वैजू