उदाहरणं कुणाच्या गावची?

मा. संपादक, स. न. वि. वि.

बडोद्यातल्या वर्गांत आता टांझानिया-अफगाणिस्तानपासून मणिपूरपर्यंतची मुलं दिसतात. नवरात्रात त्यांना केडियू घालून गरब्याला नेलं जातं, स्नेहसंमेलनात त्यांच्या पोशाखात मंचावर उभं केलं जातं. फोटो छान येतात. वर्गात मात्र ही मुलं मागच्या बाकावर.

इथल्याच एका महाविद्यालयात मध्यंतरी अर्थशास्त्राच्या तासाला बसायचा योग आला. विषय मागणीच्या लवचिकतेचा, म्हणजे भाव बदलला की मागणी किती बदलते याचा. उत्तरायणाच्या (संक्रांतीच्या) आदल्या रात्री गेंडीगेटच्या पतंगबाजारात पतंगाची दोरी कितीही महागली तरी लोक घेतातच, असं सरांनी सांगितलं आणि पुढचं सगळं गुजरातीत गेलं. वर्ग हसला. खिडकीशी बसलेला टांझानियाचा मुलगा शेजाऱ्याच्या वहीत डोकावत राहिला. उदाहरण झकासच होतं. पण तास संपेपर्यंत दुसरं आलंच नाही. टांझानियातला काजू मोठ्या प्रमाणावर कच्चाच भारतात येतो आणि इथे फोडला जातो. भाव पडले की तिकडचा शेतकरी काय करतो, हे त्या मुलाला विचारलं असतं तर? गुजराती व्यापाऱ्यांचं टांझानियातल्या झांझिबार बेटाशी नातं तर कितीतरी जुनं. आमच्या मुलांनाही त्यातून काही कळलं असतं.

वर्गातल्या सहभागाला अंतर्गत गुण असतात, तिथेही हीच गत. वडीलधाऱ्यांपुढे तोंड उघडायचं नाही ही रीत अनेक घरांत असते (आपल्याकडे कुठे नव्हती?). अशी मुलगी गप्प बसली की ‘अभ्यास नाही’ म्हणून आपण मोकळे! आधी प्रश्न चिठ्ठीवर लिहून घ्यावेत, शेजाऱ्याशी दोन मिनिटं बोलू द्यावं, मग उत्तर विचारावं. गटही शिक्षकानेच पाडावेत. मुलांवर सोडलं की एका गावचे एकत्र बसतात. याला अनुदान लागत नाही. नव्या प्राध्यापकांच्या उद्बोधन वर्गात यासाठी एखादा दिवस ठेवावा.

१९१३ साली सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर डॉ. आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले आणि १९१७ मध्ये नोकरीसाठी बडोद्यात आले, तेव्हा याच शहरात त्यांना राहायला जागा मिळेना. नुसता प्रवेश देऊन भागत नाही, हे आपल्याला तरी कुणी सांगायला नको.

आणि हजेरी घेताना लांबलचक नाव आलं की ‘नेक्स्ट’ म्हणून पुढे सरकणं, तेवढं उद्यापासूनच बंद व्हावं.

— एक निवृत्त प्राध्यापिका, दांडिया बाजार, बडोदे