पाणवठ्याच्या खुणेपुढे महिना-साल हवे

महोदय,

उपग्रहामुळे वाळवंटातले पायी सर्वेक्षण आता अनावश्यक झाले, असा सूर हल्ली वारंवार ऐकू येतो. अमेरिकेतले ॲरिझोना आणि मेक्सिकोतले सोनोरा यांच्या सीमेवरच्या घळींपुरता तरी तो जिवावर बेतणारा आहे.

अमेरिकेच्या १:२४,००० स्थलदर्शक नकाशांत डोंगराळ भागात दोन समोच्च रेषांमध्ये बहुधा उंचीचे ४० फुटांचे अंतर असते. पंचवीस-तीस फुटांचा उभा कडा त्यांच्यामध्ये सहज लपतो. मेक्सिकोचे नकाशे १:५०,००० चे, उंची मीटरमध्ये. त्यामुळे सीमेवर एकाच घळीच्या रेषा जुळत नाहीत. त्यातच जुने नकाशे स्थान मोजण्याच्या १९२७ च्या संदर्भप्रणालीवरचे. त्यांचे यूटीएम आकडे (मीटरमध्ये दिलेले स्थाननिर्देशांक) तसेच आजच्या जीपीएसमध्ये भरले, तर या भागात सुमारे २०० मीटरची चूक होते, म्हणजे माणूस थेट शेजारच्या घळीत. शिवाय घळीच्या तळाशी कातळावरून परतणाऱ्या संकेतांमुळे जीपीएस भरकटते. तेव्हा जीपीएसचे वाचन घळीच्या तोंडाशी, मोकळ्या आकाशाखाली घ्यावे आणि पुढचे अंतर फीत किंवा लेसरने मोजावे.

खरा प्रश्न पाण्याचा. ॲरिझोनातल्या सीमेजवळच्या तिनाहास आल्तास येथे कातळातले रांजणखळगे एकावर एक चढत गेले आहेत. खालचे आधी आटतात, वरच्यांत पाणी उरते. ते चढण्याची ताकद न उरलेले प्रवासी तिथेच मेले. नकाशावरचा एक निळा ठिपका हे कसे सांगणार? १९१७ मध्ये अमेरिकी भूवैज्ञानिक कर्क ब्रायन यांनी या मुलखातले पाणवठे वाटांच्या वर्णनासह नोंदवले होते. तीच शिस्त आज हवी.

खळग्याची लांबी, रुंदी आणि कमाल खोली मीटरमध्ये मोजून गुणाकाराला ०.४ ने गुणावे. वाडग्यासारख्या आकाराला हा अंदाज चालतो. ३ × २ × १ मीटरच्या खळग्यात सुमारे २,४०० लिटर. पाझर असेल तर एक लिटरचे भांडे भरायला लागणारा वेळ लिहावा. खळगा वाळूने भरलेला असेल तर ‘खणून’ अशी स्पष्ट नोंद हवी, कारण वरून तो कोरडाच दिसतो. कातळावरचा पांढरा पट्टा पाण्याची जुनी पातळी दाखवतो, आजचे पाणी नव्हे.

आणि भेट जूनअखेरीस, उन्हाळी पावसाच्या आधी द्यावी आणि तिचा महिना-साल नकाशावरच्या खुणेपुढे लिहावा. हिवाळी पावसानंतर मार्चमध्ये पाहिलेल्या पाण्याला ‘बारमाही’ म्हणणे थांबवावे.

– एक भूसर्वेक्षक