ओजसच्या ९७ गुणांबद्दल

ती. बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

आई, ओजसला शाळेच्या बुद्धिचाचणीत मिळालेले ९७ गुण शंभरपैकी नाहीत गं, त्यामुळे पेढे वाटायची घाई नको. आणि बाबा, तुम्ही बी.एड.ला कामतांची बुद्धिमापन कसोटी शिकलेले, म्हणून आकडा ऐकून फोनवर गप्पच झालात. तेवढंही काही झालेलं नाही.

इथे इंग्लंडमध्ये बऱ्याच शाळा सातवीच्या सुरुवातीला 'कॅट' (कॉग्निटिव्ह ॲबिलिटीज टेस्ट) ही विचारशक्ती मापणारी चाचणी घेतात. सरासरी १००, प्रमाण विचलन (गुणांचा सरासरीभोवतीचा पसारा) १५. म्हणजे ९७ अगदी मधोमध.

तुमचा खरा प्रश्न पुढच्या दहावीचा, म्हणजे इथल्या जीसीएसईचा आहे. मानसशास्त्रज्ञ इयन डिअरी आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये सत्तर हजारांवर इंग्लिश मुलांचे अकराव्या वर्षीचे कॅटचे गुण सोळाव्या वर्षीच्या जीसीएसईशी ताडून पाहिले. सहसंबंध (१ म्हणजे पूर्ण मेळ) निघाला ०.८१. आकडा मोठा आहे, नाकारत नाही. पण त्या आकड्याचा वर्ग करून बघा, म्हणजे मुलामुलांतल्या फरकाचा किती भाग बुद्धिगुणांशी जुळतो ते कळतं: एक तृतीयांश भाग तरी उरतोच. शिवाय विषयागणिक वेगळं. गणितात जवळपास ५९ टक्के फरकाचा मेळ बुद्धिगुणांशी बसला, चित्रकलेत फक्त १८ टक्के. आणि हे सगळं हजारो मुलांचं झालं, एकट्या ओजसचं भाकीत त्यातून निघत नाही.

त्याचा कागद उलगडून पाहिला तर आकृत्यांत १०६ आणि शब्दांत ८८. तीन शब्द देऊन त्यांच्याच जातीचा चौथा ओळखायचा असतो. नाशिकहून परवा-परवा आलेल्या पोराला ते इंग्रजीत कसं जमावं? आकृत्या मात्र मान वाकडी करकरून पटापट सोडवतो. शाळेने त्या ८८ वरून त्याला इंग्रजीच्या खालच्या गटात टाकलंय, ते मला अजिबात पटलेलं नाही. फ्रेंच मानसशास्त्रज्ञ बिनेने १९०५ मध्ये पॅरिसला बुद्धिमापनाची कसोटी काढली तीच मुळी कुणाला जास्त शिकवायला हवं हे कळावं म्हणून. शिवाय शाळेत शिकण्याने बुद्ध्यंकही वाढतो, वर्षाला एक ते पाच गुण, असं २०१८ च्या एका मोठ्या आढाव्यात निघालंय.

गुरुवारी बाईंना भेटून गट बदलून मागणार आहे. बाबा, तुम्ही त्याला रविवारी भूमिती द्या, पण ९७ चा विषय काढू नका. आई, गुडघ्याचं तेल संपलं असेल तर कळव.

तुमची,
मनू