मोठं विमान आलं म्हणजे वणवा विझला असं नाही

मा. संपादक,

वणव्यावर लाल फवारा सोडणाऱ्या अजस्र विमानांचे व्हिडिओ फिरले की लोक लगेच म्हणतात अशी चार-दोन विमानं घेऊन टाका, पण ते इतकं सोपं नाहीये. डीसी-१० हा विमान-टँकर एका खेपेत जवळपास ३५ हजार लिटर रिटार्डंट (म्हणजे हाच लाल द्रव) टाकतो, एका दमात लांबच लांब पट्टी आखली जाते आणि जिथे रस्ताच नाही तिथे याचा खरंच उपयोग होतो, यात वाद नाही. मात्र तो लाल द्रव मुळात आग विझवायला नसतोच, आगीच्या वाटेतल्या गवता-झाडांवर बसून तो तिचा वेग कमी करतो. खाली जमिनीवर माणसं पोचलीच नाहीत तर आग पट्टीला वळसा घालून पुढे, आणि पैसे गेले हवेत!

शिवाय लांब रनवे पाहिजे, टाकी भरायची सोय असलेला तळ पाहिजे, तो लांब असला तर दोन खेपांमध्ये बराच वेळ जातो. अरुंद दऱ्यांत एवढं धूड वळवणं अवघड, जोराचा वारा असला तर फवारा भलतीकडेच. आणि रिटार्डंटमधला अमोनिया ओढ्यात गेला तर मासे मरतात, हे कोणी बोलतच नाही.

सगळ्यात मोठा ७४७ सुपरटँकर, ७० हजार लिटरच्या वर नेणारा, २०२१ मध्ये बंदच झाला. त्यापेक्षा तळ्यावरून १२ सेकंदांत सहाएक हजार लिटर पाणी उचलणारं सीएल-४१५ विमान मला जास्त कामाचं वाटतं, अर्थात जवळ तळं असेल तर.

– एक वाचक