रोटोरुआतल्या अनोळखी माणसांनो, आभार!

न्यूझीलंडमधल्या रोटोरुआत उतरल्या उतरल्या बायको म्हणाली, "कुणीतरी अंडी उकडत ठेवून विसरलंय." गंधकाचा वास तो! तिसऱ्या दिवशी जाणवेनासा झाला.

आभार मानायचेत ते मुख्यतः कायतुना नदीवरच्या बाईंचे. ७ मीटरच्या धबधब्यावरून राफ्ट खाली आला, पण मी त्यात नव्हतो. (चष्म्याला दोरी बांधा, असं गाईडने बजावलं होतं. बांधली नाही.) दुसऱ्या राफ्टमधल्या बाईंनी माझ्या जॅकेटचे पट्टे धरून मला पोत्यासारखं आत ओढलं. चष्मा मात्र नदीला अर्पण.

दुसरा चष्मा नाही, बायकोला गाडी येत नाही. कुइराऊ पार्कात गरम पाण्यात पाय सोडून बसलो, तेव्हा शेजारच्या आजोबांनी सगळं ऐकून घेतलं, पाय पुसले आणि आमचीच गाडी चालवत आम्हाला मोटेलवर सोडलं. स्वतः चालत परतले.

आणि फाकारेवारेवा गावातल्या मावशी! उकळत्या झऱ्यात शिजलेलं मक्याचं कणीस, वर लोणी. मला अंधुक दिसतंय म्हणून त्यांनी ते हातात नीट धरवून दिलं. पोहुतू गीझर (जमिनीतून उसळणारं गरम पाण्याचं कारंजं) उडाला, तेव्हा मला नुसता पांढरा ढग दिसला. कणीस मात्र झकास होतं.